बाटलीवरची बाई

कार्तिक शुद्ध त्रयोदशी, शके १८०९ (सन १८८७). ठाणे.

आज मन भरून आलंय, कोणाला तरी सांगावंसं वाटतंय, आणि घरात सांगण्यासारखं कोणी नाही. म्हणून ही वही.

हरिहरपंतांच्या शिळाछापखान्यात लागलो तेव्हा वाटलं होतं, मुंबईला चित्रकला शिकून आलेल्या माणसाला मोठमोठी चित्रं काढायला मिळतील. मिळालं काय, तर विलायती लेबलांच्या नकला. काड्यापेटीवरचा सिंह, कापडाच्या ताग्यावरचा हत्ती, औषधाच्या बाटलीवरचा दाढीवाला डॉक्टर. सिंह इतके काढले की आता डोळे मिटूनही आयाळ काढता येईल. आज मात्र पंतांनी बोलावून घेतलं. समोर कल्याणचे विश्रामशेठ बसले होते. त्यांचं सुगंधी खोबरेल तेल निघतंय. बाटलीला चिकटवायला चित्र हवं आहे, आणि ते नवं हवं, कशाची नक्कल नको.

"त्र्यंबक करील," पंत म्हणाले. "डोकं जरा गरम आहे, पण हात बरा आहे."

हात बरा म्हणे. टेंभी नाक्यापासून खाडीपर्यंत दुसरा आहे कोण? पण मी फक्त मान हलवली.

कार्तिक वद्य चतुर्थी.

ठाण्याचा आणि कल्याणचा बाजार पालथा घातला. माझी रीत अशी, की वस्तू कुठे ठेवली जाणार ते आधी पाहायचं आणि काय काढायचं ते मग ठरवायचं. तेलाच्या बाटल्या दुकानात मागच्या फळीवर असतात. तिथे अंधार, आणि गिऱ्हाईक उभं बाहेर उन्हात. तेव्हा बारीक वेलबुट्टी वाया. एकच मोठा आकार हवा, भोवती मोकळी जागा हवी, आणि अक्षरं हंड्यासारखी बुडाशी जड, म्हणजे लांबूनही नजरेत भरतात. वाचता न येणारी गिऱ्हाइकं "हत्तीचं द्या", "मोराचं द्या" असंच म्हणतात. त्यांच्यापुरतं चित्र हेच नाव.

मी पोपट काढून नेला. विश्रामशेठांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला.

"पोपट डोक्याला तेल लावत नाही, त्र्यंबकराव. बाई हवी. लांब केसांची."

"मग लक्ष्मी काढतो."

"देवी नको. बाटली रिकामी झाली की उकिरड्यावर जाते. देवी उकिरड्यावर दिसली तर लोक मला धरतील. घरातली बाई काढा." मग म्हणाले, "पण कोणाच्याही घरातली नको."

परत येताना गाडीत याचाच विचार केला. घरातली, पण कोणाच्याही घरातली नाही. सांगायला सोपं आहे.

कार्तिक वद्य दशमी.

बाईच जमत नाही. मुंबईच्या शाळेत आम्हाला ग्रीक पुतळ्यांवरून चेहरे गिरवायला लावत. त्यामुळे मी बाई काढायला घेतली की सरळ नाकाची ग्रीक देवता येते. तिला नथ घातली की ती रागावलेली दिसते. आज एकीला खोपा घातला तर पंत म्हणाले, "हा शिपाई कोण?"

घरी कोणाला विचारायची सोय नाही. आमचे वडील, नाना, कचेरीत शिरस्तेदार. त्यांच्या मते चित्र म्हणजे जमिनीचा नकाशा, बाकी पोरखेळ. आई म्हणते, मुंबईला पाठवलं ते कशाला, आणि करतो काय, तर बाटल्यांचे कागद. राहिलं आमचं कुटुंब. ती नांदायला येऊन दोन वर्षं झाली. वडीलधाऱ्यांसमोर दिवसा आम्ही बोलत नाही, ती रीतच आहे, आणि एकटे असलो तरी तिचं हो आणि नाही यापलीकडे जात नाही. तिचा चेहरा कसा आहे असं कोणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. स्वयंपाकघरात एक लुगडं इकडून तिकडे जातं, एवढंच ठाऊक.

आज बोंबलांचं कालवण होतं. आई म्हणाली, "तिखट झालंय, पण त्र्यंबकला तिखटच आवडतं." वाढता वाढता हिची उजवी भुवई तेवढी वर गेली, डावी जागच्या जागी राहिली. मग तिने गुपचूप माझ्या पानात नारळाचं दूध वाढलं. मला तिखट सोसत नाही. हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया.

जमलं. कसं जमलं ते सांगता येणार नाही.

आज कच्चं चित्र काढलंच नाही. कंटाळून सरळ छपाईच्या दगडावर मेणाची कांडी टेकवली आणि हात चालू लागला. दुपारच्या जेवणाला उठलो नाही. बाई मान किंचित वळवून बघते आहे. केस मोकळे, नुकतेच न्हालेले. एक भुवई जराशी वर, जणू काही ऐकलंय आणि खरं वाटत नाहीये. चेहरा फार गुळगुळीत झाला म्हणून त्याच भुवईवर एक लहानशी जुनी खोक काढली. अशी खोक कुठे पाहिली आठवत नाही, पण कांडी आपण होऊन तिथे गेली.

दगडावर काढलेलं कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. म्हणून अक्षरं मी दगडावर उलटी लिहिली, नथही आठवणीने दुसऱ्या बाजूला काढली. बाकी चेहऱ्याला डावं-उजवं काय, चेहरा तो चेहरा.

पंत मागे येऊन उभे राहिले.

"ही कोण?"

"कोणी नाही. मनातली आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि आपल्या जागेवर जाऊन तंबाखू मळत बसले. हेवा वाटला असेल.

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा.

विश्रामशेठ खूश आहेत. बाटल्या कसाऱ्यापलीकडे, नाशिकपर्यंत जायला लागल्या म्हणे, आणि लोक "बाईचं तेल" म्हणून मागतात.

एक छाप मी घरी आणून कोनाड्यात ठेवली होती. आज पाहतो तर नाही. उंदरांनी नेली असावी. त्यांना खळीचा वास आवडतो. कुटुंबाला विचारलं, तर तिने मान खाली घालून "नाही" म्हटलं आणि हातातली वाटी पाडली.

पौष शुद्ध अष्टमी.

अनर्थ झाला. आई सांगत होती ते जसंच्या तसं लिहितो.

आज पलीकडच्या आळीत विमलाबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आई सुनेला घेऊन गेली. विमलाबाईंनी यंदा वाण म्हणून काय लुटावं, तर बाईचं तेल. प्रत्येकीच्या हातात एकेक बाटली आली. सगळ्या चित्र बघत होत्या, केस किती सुरेख म्हणत होत्या. तेवढ्यात कोणाची तरी लहान मुलगी उठली, बाटली घेऊन थेट आमच्या कुटुंबासमोर जाऊन उभी राहिली, आणि एकदा बाटलीकडे, एकदा तिच्याकडे असं बघत म्हणाली, "काकी, तुम्ही बाटलीवर कशा गेलात?"

मग सगळ्याच बघायला लागल्या. भुवई, हनुवटी, खोकसुद्धा. म्हणे हिच्या भुवईवर अगदी तशीच खोक आहे, लहानपणी विहिरीच्या काठावर पडली होती. आई म्हणते, "मला वाटलं आता ही जमीन दुभंगावी. केस मोकळे सोडलेली माझी सून बाजारात दुकानादुकानात उभी आहे, आणि तिला उभी केली माझ्या पोराने."

मी म्हटलं, "आई, मी हिला काढलेलं नाही. खोक आहे हेच मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं तर काढली कुठून?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ती तिथे उभी होती. खोक खरंच आहे.

पौष शुद्ध एकादशी.

लोकांचं बोलणं निवेपर्यंत सुनेने माहेरी राहावं असं आईने ठरवलं. माहेर कल्याणलाच, पारनाक्याजवळ. आज तिचे वडील येऊन घेऊन गेले. ती जाताना मी ओटीवर होतो. छत्री घेतलीस का, एवढं विचारलं. पौषात.

ती म्हणाली, "नाही." आणि तिची भुवई वर गेली.

पौष वद्य पंचमी.

छापखान्यात काम नीट होत नाहीये. दगड खराब आले आहेत. मेणाची कांडीही हल्ली पूर्वीसारखी मिळत नाही. गुलाबपाण्याच्या बाटलीसाठी एक नवी बाई काढायला घेतली, तर पुन्हा ग्रीक देवता आली.

घरात जेवण तिखट होतंय.

पौष वद्य दशमी.

कल्याणला जाऊन आलो. विश्रामशेठांना शाईचा रंग दाखवायचा होता. रंग तोच आहे, पण दाखवलेला बरा. तिथवर गेलोच होतो, म्हणून पारनाक्याला डोकावलो. सासूबाईंनी पाट मांडला, पंखा घातला, साखरभात केला. सासरे पावसापाण्याच्या गोष्टी करत राहिले. ती आतून फक्त पाणी द्यायला आली.

निघताना सासूबाईंनी आत हाक मारली, "रतन, कंदील पूस गं." मला कळेना, ही रतन कोण. लग्नात आम्ही तिचं नाव मंदाकिनी ठेवलं, ते पत्रिकेत आणि मंगळागौरीत वापरलं जातं. रतन म्हटल्यावर आतून "आले" असा जो आवाज आला तो मी आमच्या घरात कधी ऐकला नाही. मोठा होता, आणि हसरा.

माघ शुद्ध द्वितीया.

पुन्हा कल्याणला जाऊन आलो. विश्रामशेठांना अक्षरांची जाडी दाखवायची होती. ते म्हणाले, "अहो त्र्यंबकराव, तेल मी विकतो, अक्षरं नाही." पण चहा दिला.

पारनाक्याला शेणाळे तळ्याकडून जावं लागतं. तिकडूनच गेलो.

माघ शुद्ध षष्ठी.

पंतांनी दुपारी बाजूला घेतलं. आई त्यांच्या घरी जाऊन सांगून आली आहे, की तो दगड वाळूपाण्याने घासून साफ करा आणि दुसरं काहीतरी काढा. विश्रामशेठ म्हणतात, चित्र बदललं तर नाशिकचं गिऱ्हाईक तेल ओळखायचं कसं?

"मग मी काय करू?" मी विचारलं.

पंत म्हणाले, "दगड माझा आहे. तेल शेठचं आहे. चेहरा ज्याचा आहे त्याला विचार. हा महिना संपेपर्यंत मी थांबतो."

मी वाळू मागवून ठेवली. दगड हौदापाशी नेऊन पाणीही ओतलं. ओल्या दगडावर ती आणखीनच स्पष्ट दिसते. हात लावला नाही. उद्या घासीन म्हणून परत ठेवला.

माघ शुद्ध दशमी.

नानांनी कमाल केली. आणि माझी जिरवलीही.

ते गेला महिनाभर या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. आज त्यांनी बाटली मागवली, चष्मा लावला, आणि दिवाणी दाव्याचा कागद वाचावा तशी ती वाचली. मग आईला विचारलं, "सुनेची खोक कोणत्या भुवईवर?"

"उजव्या."

"बाटलीवरची डाव्या भुवईवर आहे."

संध्याकाळी ठाण्याच्या तळ्याकाठी देवळापाशी रोजची मंडळी बसली होती. तिथे नानांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की आमच्या सुनेची खूण उजवीकडे, त्या बाईची डावीकडे, तेव्हा ती बाई ही नव्हे, हे उघड आहे. मंडळींनी माना डोलावल्या. शिरस्तेदारापुढे पुराव्याचं कोण बोलणार? बायकांमध्येही बातमी पोचली. विमलाबाई आईला म्हणाल्या म्हणे, "आम्हाला तेव्हाच शंका आली होती."

मला मात्र गप्प बसवेना. घरी आल्यावर म्हटलं, "नाना, ते छापताना उलटं होतं म्हणून. ती माझी चूक आहे. नथ मी बदलली, भुवई बदलायची राहिली. सराईत माणसाच्या हातून असं होत नाही. मी काढताना काही सुचेनासं झालं असणार."

नाना चष्मा पुसत होते. "म्हणजे तू ती जशी दिसते तशीच काढलीस. समोर नसताना."

"हो."

"हे तू दुसऱ्या कोणाला बोलायचं नाही," नाना म्हणाले. मग चष्मा परत लावत म्हणाले, "घरच्या माणसाला बोललास तर चालेल."

माघ वद्य तृतीया. कल्याण.

आज कामाचं काही सांगितलं नाही. सरळ पारनाक्याला गेलो आणि सासऱ्यांना म्हटलं, तुमच्या मुलीशी बोलायचं आहे. ते गडबडले, पण सासूबाईंनी मागचं दार उघडून दिलं आणि स्वतः वालाच्या शेंगा सोलायला जरा लांब जाऊन बसल्या.

रतन परसात केस वाळवत बसली होती. खांबाला तिचा लहान आरसा टांगलेला, आणि त्याच्या शेजारी, भाताच्या शिताने चिकटवलेली, कोनाड्यातून गेलेली छाप. उंदरांवर मी उगाच आळ घेतला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"नव्हतं."

"अगदी खरं?"

"अगदी खरं. मी कोणाच्याही घरातली नसलेली बाई काढत होतो."

ती हसली. मी तिला हसताना प्रथमच पाहिलं, आणि चित्रात दात का दाखवले नाहीत याचं वाईट वाटलं.

"सगळे म्हणतात, माझ्यासारखी आहे पण काहीतरी वेगळं आहे. मला नाही वाटलं वेगळं. नथ सोडली तर आरशात मी रोज हीच बघते. कोनाड्यात पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, आपण आरशात बघत असताना कोणीतरी मागे उभं होतं."

मी तिला सगळं सांगितलं. दगड घासायचा की ठेवायचा, तू म्हणशील तसं. पंतांना काय, शेठला काय, मी तोंड देईन. आईलाही.

तिने केसांतला एक गुंता सोडवला. मग म्हणाली, "नाशिकला गेली ना ती?"

"नाशिकला गेली. आता भुसावळलाही जाईल म्हणतात."

"मी ठाण्याहून कल्याणला आणि कल्याणहून ठाण्याला. तिला कशाला अडवायचं? राहू दे." तिने केस मागे टाकले. "पण पुढचं काढाल ते विचारून काढा. आणि समोर बसवून काढा. मला न बघता इतकं आलं, तर बघून काय येईल ते मला बघायचंय."

इतकं ती माझ्याशी एका वेळी कधीच बोलली नव्हती. लांबून सासूबाईंच्या शेंगा सोलण्याचा आवाज केव्हाच थांबला होता.

माघ वद्य चतुर्थी.

आईला सांगितलं. भीत भीत, पण सांगितलं. दगड घासणार नाही, चित्र राहील. तिला विचारलं, ती हो म्हणाली.

आई तांदूळ निवडत होती. रागावेल म्हणून मी उंबऱ्याच्या अलीकडेच उभा होतो.

"तू तिला विचारलंस?"

"हो."

"म्हणजे बसून विचारलंस? तुला काय हवं म्हणून?"

"हो."

आईने सूप खाली ठेवलं. "या घरात आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "मला काय हवं असं अजून कोणी विचारलेलं नाही. तुझ्या वडिलांनीसुद्धा नाही, आणि ते वाईट नाहीत." मग पुन्हा सूप उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिमग्याच्या आत घेऊन ये तिला. तिच्या हातच्या कालवणाशिवाय हे घर तिखट खाऊन मरेल."

मी म्हटलं, "आई, तुला काय हवंय?"

"मला काय हवं असणार?" आई म्हणाली. दाराबाहेर पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "घाटावर एकदा जाऊन यायचंय. नाशिकला. गोदावरी बघायची राहिली आहे."

फाल्गुन शुद्ध नवमी.

रतन परवा आली. आज सुट्टी होती. नाना ओटीवर होते, आई माजघरात, आणि मी भर दिवसा सगळ्यांसमोर मधल्या दाराशी फळी मांडीवर घेऊन बसलो. रतन समोर बसली, उजेड डावीकडून. नानांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, ते उलटं होतं.

इतकं वाईट चित्र मी शाळेतही काढलं नसेल. बघायला लागलो की कुठली रेघ कुठून सुरू करायची ते कळेना. भुवई काढायला गेलो की ती हलायची. नाक तर तीनदा पुसून काढलं. दुपार होईपर्यंत कागदावर एक बाई आली खरी, पण ती कोणाच्याही घरातली नव्हती. विश्रामशेठांनी हीच मागितली होती बहुतेक.

रतनने कागद हातात घेतला. "ही कोण?"

आई माजघरातून उठून आली, डोकावली, आणि म्हणाली, "नाक माझ्या कलावती मावशीचं दिसतंय. पण तिला मिशी नव्हती."

रतन हसायला लागली, तोंडावर पदर न घेता, नाना ओटीवर असताना. मग आईही हसली. नाना तिकडून खाकरले, आणि वर्तमानपत्र थरथरताना मला दिसलं.

मी कागद फाडायला घेतला तर रतनने तो माझ्या हातातून काढून घेतला. उद्या पुन्हा बसायचं असं तिने सांगितलंय. पंतांना कळवायला हवं, उद्या जरा उशीर होईल.